डाळिंबाचा लाल कुणाला जमतो? महागड्या रंगीत पेन्सिलींचं ब्लेंडिंग, सोलापुरी उन्हात

निळीशाई
रामराम मंडळी.

मागे इथंच कुणीतरी विचारलं होतं की या महागाच्या रंगीत पेन्सिली खरंच एकमेकींत मिसळतात का, की नुसता डबाच देखणा. मी तेव्हा "सवडीने लिहिते" म्हणाले आणि सोयीस्कर विसरले. आता शाळेला सुट्टी लागलीय (मी चित्रकला शिकवते), दुपारी घराबाहेर पाय टाकायची सोय नाही, म्हणून बसले एकदाची.

नमुना म्हणून डाळिंब घेतलं, भगवा जातीचं. सोलापुरात राहून दुसरं काय घेणार! पण ते सोडा, ब्लेंडिंगची परीक्षा घ्यायला याच्याइतकं खाष्ट फळ नाही. एकाच सालीवर पिवळट हिरवा, केशरी, लाल आणि देठाजवळ पार वांगी छटा. एक रंग कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ती जागा बोट ठेवून दाखवता येत नाही. वर साल चकाकते ती वेगळीच.

माझ्याकडचा ऐवज: फाबर-कास्टेलच्या पॉलिक्रोमॉसचा ३६ चा डबा, प्रिझ्माकलर प्रीमियरचा २४ चा, डरवेंट लाइटफास्टच्या सहा सुट्ट्या आणि कारान दाशच्या ल्युमिनन्सच्या पाच. त्या पाच भाच्याने आणून दिल्या. एकेकीच्या किमतीत घरच्या चौघांची कडक भाकरी नि शेंगाचटणी सहज झाली असती, त्यामुळे त्यांना टोक करतानासुद्धा जीव वरखाली होतो. सगळ्यांना कागद एकच, ३०० जीएसएमचा हॉट प्रेस, म्हणजे जाड आणि बराचसा गुळगुळीत.

आधी एक गैरसमज. मेणाच्या पेन्सिली वेगळ्या आणि तेलाच्या वेगळ्या असं आपण सरसकट बोलतो. तेलाच्या म्हणवल्या जाणाऱ्यांतही मेण असतंच. रंगद्रव्य धरून ठेवणारं मिश्रण कुणाचं किती मेणाचं आणि किती तेलाचं, एवढाच फरक. पण हाताला तो लगेच कळतो. सोयीसाठी मी मेणी आणि तेलकट म्हणते.

प्रिझ्माकलर मेणी. दोन थरांत रंग असा पसरतो की वाटतं झालंच काम. पिवळ्यावर केशरी, केशरीवर लाल, मधली हद्द आपोआप पुसली जाते. नवशिक्याला हरखून जायला होतं. पण चौथ्या थराला कागद तुंबतो. कागदाला जे सूक्ष्म खरबरीतपण असतं, ज्याला आपण दात म्हणतो, ते मेणाने भरून गेलं की पुढची पेन्सिल नुसती घसरते. मला देठाजवळ वांगी छटा हवी होती, ती बसेचना. वरचा लाल खरवडला गेला आणि खालून पिवळा डोकावला.

पॉलिक्रोमॉस तेलकट. पहिल्या तीन थरांत निराशा करते. फिकी, कोरडी, रेघा दिसतात. पण शिसं जरा कडक असल्याने टोक टिकतं, आणि टोक टिकलं की रंग दातांच्या खाचांत उतरतो. मी १०७ नंबरचा कॅडमियम यलो सगळ्या फळावर हलक्या हाताने दिला, त्यावर ११५ चा गडद केशरी, मग २१९ चा लाल, सावलीत १९३ बर्न्ट कार्मिन. लाल गडद करायला काळा वापरायचा नाही, फळ काजळी धरल्यासारखं दिसतं. २६७ पाइन ग्रीन अगदी अलगद फिरवा, लालाच्या उलट रंग असल्याने सावली आपोआप पडते. नवव्या थरानंतर मुकुटाच्या खाली, जिथं साल किंचित आत दबलेली असते, तिथं पिवळा लालात कधी विरला ते माझं मलाच सापडेना.

ल्युमिनन्स मऊ, तरी कोरडी, किंचित खडूसारखी. तिचा पांढरा मात्र खरा दादा आहे. गडद लालावर चकाकीचा ठिपका देऊन दाखवणारा माझ्याकडचा एकमेव. पॉलिक्रोमॉसचा पांढरा पारदर्शक, तो खालच्या रंगाला फिका करतो, झाकत नाही. डरवेंट लाइटफास्ट या दोहोंच्या मधली: तेलकट गटातली असून मऊ, थरही बरेच घेते.

आता खरी गंमत. हे सगळं मी पहाटे सहाच्या सुमारास गच्चीवर केलं होतं. एका दिवशी उशीर झाला, घरातच दुपारी अडीचला बसले. बाहेर ४३ अंश. त्याच पेन्सिली, तोच कागद, आणि निकाल उलटेपालटे! प्रिझ्माकलर काजळासारखी माखायला लागली, टोक दोन रेघांत बोथट, तळहाताला रंग. उलट पॉलिक्रोमॉस, जी सकाळी नऊ थर मागत होती, तिने पाचातच काम दिलं. म्हणजे मऊपणा हा पेन्सिलीचा गुण आहेच, पण खोलीच्या तापमानाचाही आहे. एसीत बसून केलेले तुलनेचे व्हिडिओ बघून मी इतकी वर्षं विद्यार्थ्यांना सल्ले देत होते!

तुमच्या गावी काय अनुभव? विशेषतः कोकणातल्या लोकांनी पावसाळ्याबद्दल लिहावं.

कडक_भाकरी
वाखूसा (वाचनखूण साठवली). फोटो दिसत नाहीयेत पण, नुसत्या चौकटी दिसतात.

निळीशाई
पुन्हा चढवलेत, बघा आता. पहिली पट्टी सकाळची, दुसरी दुपारची.

पार्कचौक
काय मॅडम, अडीच वाजता डाळिंब रंगवलालाव? त्या वेळेला आम्ही पंख्याखाली पडून डाळिंब खाऊ शकत नाही, सोलायचा कंटाळा. दंडवत घ्या. दुसऱ्या पट्टीतला लाल लई भारी आलाय, तेवढं खरं.

माळरान
धाग्याचं नाव बघून आत आलो, पेन्सिलीतलं ओ की ठो कळत नाही. आमची सांगोल्याकडे बाग आहे. तुम्ही "तेलकट" लिहिलंय तोवर ठीक, पण चुकून कुणी त्या पेन्सिलींना "तेल्या" म्हणू नका. तेल्या हा डाळिंबावरचा रोग, नाव ऐकूनच डाळिंबवाल्याच्या पोटात गोळा येतो. सालीवर तेलाचा थेंब पडल्यागत डाग दिसला की आमची झोप उडते.

फोटोतलं फळ हस्त बहाराचं दिसतंय. पाऊस संपल्यावर कोरड्या हवेत पोसलेलं असलं की रंग असा चढतो. पावसातलं फळ घेतलं असतं तर तुम्हाला एवढे लाल लागलेच नसते.

निळीशाई
माळरान दादा, ही माहिती सोन्यासारखी आहे. म्हणजे जुलैत परत काढायचं तर पिवळा जास्त खपणार!

घोटीव
उत्तम धागा. पण दोन ठिकाणी अडलो.

एक, तुम्ही प्रत्येक पेन्सिल एकटी तपासली. प्रत्यक्षात बहुतेक जण सरमिसळ करतात, आणि तिथं क्रम महत्त्वाचा. तेलकट खाली, मेणी वर. खालचे पाच-सहा थर पॉलिक्रोमॉसचे, दात शिल्लक राहतात. शेवटचे दोन प्रिझ्माकलरचे, ते सगळं सांधून टाकतात. उलट केलंत तर मेणावर कडक शिसं सटकतं, तुमच्या वांगी छटेचं झालं तसं.

दोन, घोटण्याबद्दल तुम्ही लिहिलंच नाही. इंग्रजीत बर्निशिंग म्हणतात, पण आपल्याकडे शब्द आहे की! पोथ्यांचा हातकागद अकीकाच्या गोट्याने घोटून गुळगुळीत करत, तीच क्रिया. शेवटच्या थरावर जोर देऊन फिक्या पेन्सिलीने किंवा बिनरंगी ब्लेंडर पेन्सिलीने घोटायचं, म्हणजे दात सपाट होतात आणि साल चकाकते. फक्त लालावर पांढऱ्याने घोटू नका, डाळिंबाचा पेरू होतो. गुलाबी, आतून! पॉलिक्रोमॉसचा १०३ आयव्हरी किंवा फिका केशरी घ्या. आणि घोटणं म्हणजे शेवट. त्यानंतर एकही थर नीट बसणार नाही, तेव्हा सही करायला जागा आधीच राखून ठेवा.

निळीशाई
सहीचं वाचून हसले, कारण तसंच झालंय. घोटलेल्या कोपऱ्यात सही उमटेना, मग मागच्या बाजूला केली.

क्रमाचं पटलं. काल करून पाहिलं. वरचे दोनच थर मेणी दिले तर दुपारीसुद्धा माखलं नाही.

उभा_आडवा
आमचं घर यंत्रमागावर वाढलेलं. वडील सोलापूरच्या पूर्व भागात चादरीच्या कारखान्यात होते. लहानपणी मला कळायचंच नाही की बॉबिनवर केशरी सूत नाही तरी चादरीत केशरी पट्टा येतो कुठून. त्यांनी भिंग हातात दिलं. लाल ताणा, पिवळा बाणा! लांबून डोळाच त्यांचा केशरी करतो. दोन्ही धागे शेवटपर्यंत आपापल्या जागी असतात.

निळीशाई ताईंची सकाळची पट्टी मोठी करून बघा. तिथं हेच झालंय. टोकदार पेन्सिलीच्या बारीक रेघा एकमेकींवर आडव्यातिडव्या पडल्यात, खालचा पिवळा वरच्या लालातून दिसतो. रंग मिसळलेले नाहीतच, विणलेले आहेत. दुपारच्या पट्टीत ते खरोखर एकमेकांत कालवले गेलेत. दोन्हीला आपण "ब्लेंडिंग" म्हणतो म्हणून गोंधळ होतो. विणायचं असेल तर कडक पेन्सिल चांगली, कालवायचं असेल तर मऊ. मला विचाराल तर विणलेला लाल जास्त जिवंत वाटतो. कालवलेला रंग जरा बसका येतो.

घोटीव
+१. नेमकं हेच मला गेली कित्येक वर्षं शब्दांत सांगता येत नव्हतं.

निळीशाई
+१००. विणायचं आणि कालवायचं, हे दोन शब्द मी वर्गात फळ्यावर लिहिणार आहे. श्रेय तुमच्या वडिलांना.

साधा_प्रश्न
नऊ थर, अकीक, ताणाबाणा... अहो, मग जलरंगच का नाही वापरत? एका फटकाऱ्यात पिवळ्यातून लाल होतो. शिवाय पेन्सिलीचा एक डबा घ्यायला माझा अर्धा पगार जाईल. हलके घ्या, पण खरंच विचारतोय.

निळीशाई
हलकेच घेतलं. सोलापुरात एप्रिलमध्ये जलरंगाची ओली हद्द धरून दाखवा, मी तुम्हाला चहा पाजते. ब्रश दुसऱ्यांदा पाण्यात बुडवेपर्यंत कागद वाळलेला असतो आणि कडेला डाग. पेन्सिल आज अर्धं काम करून आठवड्याने उघडली तरी तिथूनच पुढे सुरू होते.

आणि डबा घ्यायची गरज नाही, त्याबद्दल खाली लिहिते.

नवी_पेठ
मला हाताने एवढे थर देणं होत नाही, मनगट दुखतं. घरात रंगकामाचा थिनर उरलाय. तो बोळ्याने फिरवला तर मेण विरघळेल ना?

घोटीव
नको!! विरघळेल, पण हार्डवेअरच्या दुकानातल्या थिनरमध्ये टोल्युइनसारखी द्रव्यं असतात, बंद खोलीत तो वास घेत बसणं जिवावर बेतायचं. यासाठी बिनवासाचं मिनरल स्पिरिट मिळतं, गॅमसॉल वगैरे. तेही खिडकी उघडी ठेवूनच. वास नसला तरी वाफ असते. आणि गॅसच्या शेगडीपासून लांब.

कृती: आधी किमान तीन-चार थर द्या, नाहीतर विरघळायला रंगच नसतो. बारीक ब्रश जेमतेम ओला करा, कापडावर टिपा आणि फिक्याकडून गडदाकडे फिरवा. पूर्ण वाळू द्या, मगच पुढचा थर. फायदा असा की रंग दातांच्या तळाशी जाऊन बसतो आणि वर पुन्हा जागा होते. बेबी ऑइलही लोक वापरतात, ते सुरक्षित आहे, पण जास्त झालं तर कागदाच्या मागे तेलाचा डाग उमटतो.

माळरान
म्हणजे शेवटी तेल्या आलाच.

पार्कचौक
😂😂 दादा, फवारणी करा.

सांजवारा
थोडं वेगळं विचारते. मागच्या वर्षी मेणी पेन्सिलींनी वांगी काढली होती, गडद. दोन-तीन आठवड्यांनी त्यावर पांढुरकी झाक आली. बुरशी समजून मी चित्र टाकून द्यायला निघाले होते. सासूबाईंनी कपाटात ठेवलं म्हणून वाचलं.

निळीशाई
सासूबाईंना नमस्कार सांगा. ती बुरशी नाही, मेण वर आलंय. जांभळावर कशी धूसर साय असते, तशी. मेण जास्त असलेल्या पेन्सिलींत, गडद रंगांवर आणि जोर देऊन घोटलेल्या भागावर जास्त दिसते. मऊ सुती कापडाने अलगद पुसा, जाईल. नंतर फिक्सेटिव्हचे (चित्रावरचा रंग धरून ठेवणारं द्रव्य) दोन-तीन हलके फवारे मारा, परत यायची नाही. फवारा गच्चीवर, वाऱ्याकडे पाठ करून.

कडक_भाकरी
माझाही एक रडका अनुभव. एका ऑनलाइन दुकानातून पेन्सिली मागवल्या. टोक करायला गेलो की शिसं गळून पडायचं. परत टोक, परत गळालं. अख्खी पेन्सिल अशी शार्पनरने खाल्ली. वाटेत कुठंतरी खोका आपटला असणार, आतून तुकडे झाले होते. दुकानाने हात वर केले. तेव्हापासून सुट्ट्या पेन्सिली समोर बघून घेतो. दोन्ही टोकं बघायची, शिसं लाकडाच्या बरोबर मध्यावर आहे का ते. बाजूला सरकलेलं असेल तर शार्पनर एकीकडचं लाकूड जास्त खातो आणि शिसं मोडतं.

भिंगरी
निळीशाई, तुमचं तापमानाचं निरीक्षण कुणीतरी पद्धतशीर वापरलंय. एस्टर रॉय नावाच्या चित्रकर्तीचा इकॅरस बोर्ड म्हणून एक फळा आहे. त्याचा काही भाग विजेवर गरम होतो, काही भाग थंड राहतो. गरम भागावर कागद ठेवून मेणी पेन्सिली कालवायच्या आणि थंड भागावर सरकवून बारीक रेघा काढायच्या. इकडे तो फळा मागवणं परवडायचं नाही, पण घरच्या घरी काही जमतंय का बघा.

निळीशाई
जमवलं! दोन प्रयत्न झाले.

पहिला फसला. परातीत गरम पाणी, वर स्टीलचं ताट, त्यावर कागद. ताटाच्या कडेने वाफ आली आणि कागद पापडासारखा फुगला. तीन तासांचं काम पाण्यात. शब्दशः.

दुसरा प्रयत्न मुद्दाम केलाच नाही, घरातच सापडला. आमच्याकडे शहाबादी फरशी आहे. पश्चिमेच्या खिडकीखालची फरशी चारच्या सुमारास अशी तापते की अनवाणी पाय ठेवता येत नाही. आणि माठाची तिवई जिथं आहे तिथली फरशी पाझराने कायम गार. दोन्हींत अंतर चार पावलं. खिडकीपाशी पुठ्ठ्यावर कागद ठेवून (थेट फरशीवर ठेवलात तर फरशीची खरबड चित्रात उमटते, हेही कळलं) लाल-केशरी कालवला. मग माठाजवळ, पण ओल लागणार नाही असं, पाच मिनिटं निवू दिला आणि मुकुटाच्या पाकळ्यांच्या कडा पॉलिक्रोमॉसने काढल्या. कडा अशा धारदार आल्या की मी स्वतःच खुश. मधल्या चार पावलांत गुडघे मात्र बोलले.

पेन्सिली माठाजवळ ठेवल्या होत्या आणि कागद तेवढा तापवला. उलट करू नका. गरम पेन्सिलीचं टोकच राहत नाही.

उभा_आडवा
म्हणजे खिडकीपाशी कालवण, माठापाशी विणकाम.

चित्रगुप्त_नव्हे
एवढी मेहनत घेताय तर रंग टिकतो का तेही बघा. रंगीत पेन्सिलींचा रंग उजेडात किती टिकतो यासाठी एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं डी-६९०१ हे मानक आहे. ल्युमिनन्सच्या नावापुढे ६९०१ लिहिलेलं असतं ते त्यावरूनच. गुलाबी आणि जांभळ्या छटा सगळ्यात आधी उडतात, आणि डाळिंबात नेमक्या त्याच लागतात. घरगुती परीक्षा सोपी: प्रत्येक लालाची पट्टी काढा, अर्धी काळ्या कागदाने झाका, खिडकीला चिकटवा. सोलापूरचं ऊन आहे, फार वाट बघावी लागणार नाही.

निळीशाई
आजच चिकटवल्या, अकरा लाल. निकाल जानेवारीत, आमच्या गड्ड्याच्या जत्रेच्या आसपास इथंच टाकेन.

माळरान
ताई, धागा सगळा वाचला, दोनदा. माझी पोरगी सातवीत आहे, वहीच्या मागच्या पानावर सारखी काहीतरी काढत असते. डबा परवडायचा नाही. काय घेऊ?

निळीशाई
दादा, डबा घेऊच नका. पॉलिक्रोमॉसच्या सुट्ट्या सहा: १०७, ११५, २१९, १९३, २६७ आणि घोटायला १०३. एवढ्यात तुमच्या बागेतलं कुठलंही फळ निघतं. त्याखालचे पहिले थर तिच्याकडच्या साध्या शालेय पेन्सिलींनी द्यायला हरकत नाही, हलक्या हाताने दिले तर. पैसे वाचवायचेत ते पेन्सिलीत वाचवा, कागदात नको. वहीच्या पानाला दातच नसतात, तिथं ल्युमिनन्ससुद्धा हात टेकते. निदान जाडसर ड्रॉइंग पेपर द्या. आणि शार्पनर नवा, धारेचा.

सुट्टीत कधी सोलापुरात आलात तर तिला घेऊन या, माझ्या पेन्सिली हाताळू द्या आधी.

माळरान
नक्की येतो. येताना फळं आणतो, चकचकीत बघून. डाग नसलेली.

निळीशाई
एखादं डागाळलेलंही आणा. तो तेलाच्या थेंबासारखा डाग कसा विणायचा ते मला बघायचंय.